कपाटातले टॅब आणि संघमित्राबाई

काळाचौकीच्या आमच्या विशेष शाळेला एका ट्रस्टने बारा टॅब दिले. नारळ फुटला, फोटो निघाले आणि टॅब काचेच्या कपाटात गेले. किल्ली विश्वस्त उन्मेषरावांच्या खिशात. "मुलं आदळतील हो," ते म्हणाले. देणगी वापरली की खराब होते, हा त्यांचा शोध.

मी तिथे शिवण शिकवायचे. कॉम्प्युटरचा तास संघमित्राबाईंकडे होता. टॅब कपाटात, तर कॉम्प्युटर दोन वर्षं बंद. बाईंनी वाद घातला नाही. स्वतःचा जुना फोन आणला. त्यावरची सगळी चित्रं काढून टाकली, ज्या मुलाची पाळी असेल त्याच्या ओळखीचे फक्त तीन चेहरे ठेवले: आई, बाई, शेजारच्या काकू. चेहऱ्याला बोट लावलं की फोन लागायचा. ज्यांना अक्षर येत नाही त्यांना नावांची यादी दाखवण्यात काय शहाणपण आहे, असं त्या विचारायच्या. आम्हाला इतकी वर्षं हे सुचलं नव्हतं.

वर्गातल्या तेजस्वीला डाउन सिंड्रोम होता. वय एकोणीस, आई मंजुळा बाजारात मासे विकायची. तेजस्वी पडद्यावर बोट दाबून धरायची, मग चेहरे सरकायचे, पुसले जायचे. ती रडायची. बाईंनी आठवडाभर बघितलं, मग एका सकाळी बाजारात मंजुळाच्या पाटीशी जाऊन बसल्या; तेजस्वी तिथे आईला मासे पारखून द्यायची. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी विचारलं, "तेजू, पापलेट ताजं आहे का, कसं बघतेस?"

समोर मासा असल्यासारखं तेजस्वीने हवेत बोट टेकवलं आणि लगेच उचललं.

"अगदी तस्संच. आता आईच्या फोटोवर."

फोन लागला. पोरगी बाकावर उभी राहून ओरडली.

वार्षिक कार्यक्रमाला कपाट उघडलं. उन्मेषराव टॅब घेऊन स्टेजवर, शेजारी तेजस्वी. तिने बटण दाबायचं आणि प्रार्थना वाजायची, असं ठरलं होतं. फोटोग्राफर तयार होताच उन्मेषरावांनी तिचं मनगट धरून बोट स्वतःच टेकवलं. दिव्यांग सक्षमीकरण म्हणजे तिचा हात, त्यांची ताकद.

तेजस्वीने हात हिसडला. "मी करते! मला येतं!" ती थेट बाईंकडे धावली, त्यांचा फोन घेतला आणि आईला लावला. स्पीकरवर मंजुळाचा आवाज सभागृहभर घुमला, "काय गो तेजू? गिऱ्हाईक हाय, मंग कर!"

लोक हसले, मग टाळ्या. संघमित्राबाई मात्र खाली बघून डोळे पुसत होत्या. उन्मेषरावांनी माइक ओढला आणि म्हणाले, "हेच, हेच आपल्या टॅबचं यश!" त्यांना लाज वाटली असेल असं मला क्षणभर वाटलं. नाही वाटली.

टॅब पुन्हा कपाटात गेले. बाईंनी किल्ली मागितली, तर उत्तर आलं, "आधी प्रस्ताव द्या." त्यांनी प्रस्ताव दिला नाही. पालकांकडून घरात पडलेले जुने फोन मागवले. सात आले, एकाची काच तडकलेली. प्रत्येक मुलासाठी वेगळी युक्ती. एकाला आवाजाची भीती, म्हणून फोन थरथरायचा. एकीची बोटं वळत नसत, म्हणून बाई पेन्सिलीच्या मागच्या रबरापासून तिच्या हातापर्यंत ओली कापडी पट्टी गुंडाळून द्यायच्या, नुसत्या रबराला पडदा दाद देत नाही ना.

वर्षअखेर सहा मुलं आपणहून घरी फोन लावू लागली. ट्रस्टच्या चकचकीत अहवालात छापलं, 'डिजिटल लाभार्थी: एकशे वीस.' शाळेच्या हजेरीपटावर नावं होती चौतीस.