न घातलेली शपथ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलाही नाही — शालिनीला सांगायची गरजच पडली नाही, आणि तेच जास्त खुपतं.

पहाडांचं वेड वसंताला मीच लावलं. जबलपूरच्या एकाच दारूगोळा कारखान्यात, एकाच खात्यात आम्ही होतो. हिमालयावरची पुस्तकं मी आणायचो, जेवणाच्या सुट्टीत त्याला वाचून दाखवायचो. रविवारी मदनमहालच्या खडकांवर दोर लावून चढायचो. अशाच एका रविवारी माझा पाय सुटला. वसंताने दोर धरून ठेवला म्हणून वाचलो. तो हसला, मीही हसलो. पण तेव्हापासून दोर हातात घेतला की माझ्या तळव्यांना घाम सुटायचा. कुणाच्या लक्षात आलं असेल? नाही — लपवण्यात मी हुशार होतो.

मग लढाई लागली. पाळ्या लांबल्या, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या, आमची ठरलेली हिमालयाची मोहीम लांबणीवर पडली. वसंता तळमळत होता. मी मात्र सुखात होतो. लढाई थांबली तेव्हा सदर बाजारात लोक पेढे वाटत होते आणि मला एकच दिसत होतं: आता रजा मिळणार.

मिळाली. तेव्हा मी वसंताला सांगितलं की शालिनीने मला मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आहे — पहाडावर जाणार नाही म्हणून. अशा शपथेपुढे आमच्यात कोणी वाद घालत नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. शालिनीने असं काहीच केलं नव्हतं. ती तर माझ्यासाठी स्वेटर विणत होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वसंता घरी आला.

"काहून वहिनी, थेट पोरीची शपथ? पदराला बांधूनच टाकलं की याला."

शालिनीने एकदा माझ्याकडे पाहिलं.

"घातली, भाऊजी. भीती वाटते मला," ती म्हणाली. आणि तो स्वेटर तिने त्याला दिला.

त्या मोहिमेत वसंता बर्फाच्या भेगेत पडून गेला. मी सोबत असतो तर वाचला असता का? माहीत नाही. मी कबूल करतोय ते वेगळं आहे.

त्याची बायको कुमुदवहिनी त्या दिवसांत शालिनीचा हात धरून म्हणाली, "तुम्ही शपथ घातली, तुमचा माणूस राहिला. मला काहून नाही सुचलं?" शालिनी खरं बोलली असती तर माझं काय झालं असतं? तिने मला झाकलं आणि मी झाकू दिलं. आयुष्यभर.

परवा शालिनीचा तेरावा झाला. कुमुदवहिनी महाराजपूरहून आल्या होत्या. माझ्या मुलीला जवळ घेऊन म्हणाल्या, "तुझ्या आईला सुचलं गं. मलाच नाही सुचलं." इतकी वर्षं त्या तिथेच बसून आहेत — मीच बसवलेल्या जागी.

उद्या सकाळी मी महाराजपूरला जाणार आहे. सांगणार आहे की शपथ कुणी घातलीच नव्हती, वहिनी. मी भ्यालो होतो. त्यांनी दार लावून घेतलं तर तो त्यांचा हक्क.

मुलीलाही सोबत नेतोय. माझ्या त्या खोट्यात हात तिच्याच डोक्यावर होता.