खाणीने पुरी केलेली चाल

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी आजवर टाइमपास म्हणूनच वाचले. कमेंटमध्ये "झोप पूर्ण घेत जा भावा" असं लिहिणारा तो मीच! चाकणला एका कंपनीत सीएनसी मशिन सेट करतो. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं आपलं सरळ मत होतं… तर आता हसायची पाळी तुमची.

आधी थोडं घरचं सांगतो. आम्ही मूळचे परभणीकडचे. माझे वडील, त्यांना सगळा गाव आबा म्हणायचा, लग्नात सनई वाजवायचे. नवरी मांडवात येताना वाजवायची एक चाल त्यांनी स्वतः बसवली होती. ती ऐकली की रुसलेले व्याहीसुद्धा मान डोलवायचे. आबा गेले तेव्हा माझी मुलगी ऋतुजा अगदी लहान होती. रेकॉर्डिंग काहीच नाही. मला फक्त पहिला अर्धा भाग आठवायचा, तोच मी घरात शिट्टीवर वाजवायचो.

आणि ऋतुजाचं लग्न ठरल्यावर तिने हट्ट धरला — "बाबा, मी आबांच्याच चालीवर येणार. पुढचं आठवा ना!"

खूप डोकं खाजवलं. आबांना संबळावर साथ करणारे गणपतकाका अजून गावी आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ऐकली तर वळखीन लेका, पण मला ठेका येतो, सूर न्हाई." इकडे ठरवलेला सनईवाला वैतागलेला. "अर्ध्या चालीवर नवरीला मांडवाच्या दारात उभी करू का काय, राव?"

लग्न आठवड्यावर आलं होतं. त्यात एक दिवस लाइनला पार्टच आले नाहीत म्हणून कंपनीने दुपारीच सोडलं. आता फुकटची दुपार मिळाली की लोक मॉलला जातात. माझं तसं नाही. आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये एकट्याने करण्यासारखं पुष्कळ आहे, फक्त कुणी सांगत नाही. कुठलीही बस पकडून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचं, तिथला चहा प्यायचा आणि परत यायचं. ट्रकच्या पाठी रंगवणाऱ्या पेंटरजवळ बसायचं — एकेक कमळ काय काढतात! आणि माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे मोशीच्या पुढे आत गेलं की दगडाची एक बंद पडलेली खाण आहे, तिच्या काठापासून जरा लांब उभं राहून शिट्टी मारायची. समोरच्या कातळावरून ती परत येते. घरी बायकोला सांगितलं तर ती कपाळावर हात मारते.

त्या दिवशीही तिथेच गेलो. टळटळीत ऊन. खाली हिरवं पाणी, वर बाभळी, आणि थोड्या अंतरावर शेळ्या चारणाऱ्या एक मावशी. बाकी कुणी नाही. मी आबांची चाल शिट्टीवर घेतली आणि जिथे नेहमी अडतो तिथे थांबलो.

कातळावरून माझी शिट्टी परत आली. अगदी तशीच. मी थांबलो होतो तिथपर्यंत आली…

आणि पुढे गेली.

शिट्टी राहिलीच नाही ती, सनई होती! उरलेला अख्खा भाग, सावकाश, एखाद्याला शिकवावा तसा. शेवटी एक गिरकी घेऊन सूर वर गेला आणि थांबला. भीती वाटली का? खरं सांगतो, नाही. अंगावर काटा आला होता, पण तोंडावर हसू होतं. कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात मावशींनी हाक मारली. "आवं भाऊ, कुनाचं लगीन हाय? सनई वाजतीया!"

"तुम्हालाही ऐकू आली?"

"मी काय भैरी हाय व्हय?"

विसरायच्या आत मी मोबाइल काढून सगळी चाल शिट्टीवर रेकॉर्ड करायला लागलो. शेवटाला आलो तशा मावशी काठी हलवत जवळ आल्या. "न्हाई न्हाई, तितं ती वर गेली हुती. आसं…" आणि त्यांनी गुणगुणून दाखवलं. बरोबर होतं त्यांचं! पुन्हा रेकॉर्ड केली. मावशींनी मान डोलवल्यावरच फोन खिशात ठेवला.

तिथूनच ती गणपतकाकांच्या नातवाच्या मोबाइलवर पाठवली. लगेच फोन आला. काकाच होते.

"कुटं घावली रे तुला ही?"

"चूक आहे का काका?"

"चूक कशाची! पर ती शेवटची गिरकी… ती तू नोकरीला गेल्यावर बसविली त्यानं. तुजी ऋतुजा जन्मली त्या साली, माह्या वसरीवर, एकदाच वाजविली. म्हणला, ही नातीच्या लग्नाला. तवर कुठंच न्हाई वाजवायची. तू कुटून ऐकशील ती?"

मी काठावरच्या एका दगडावर बसलो. रडलोही, पण ते रडणं लग्नाचा लाडू खाताना येतं तसलं, आनंदाचं होतं.

सनईवाल्याने त्या रेकॉर्डिंगवरून चाल बसवली, आणि लग्नाला गणपतकाका स्वतः संबळ घेऊन आले. ऋतुजा मांडवात चालत येणार होती, ती नाचतच आली! गिरकी आली तसे काका मान मागे टाकून मोठ्याने हसले, आणि व्याही काय, केटरिंगवालेसुद्धा हातातली भांडी ठेवून बघत राहिले.

आमच्या मेंटेनन्सचे साहेब म्हणतात, लहानपणचं मेंदूत कुठेतरी राहतं आणि वेळेवर बाहेर येतं. असेल. पण जे मी कधी ऐकलंच नाही ते कसं राहील? आणि त्या मावशींच्या मेंदूत ते कुणी ठेवलं? इथे आले की साहेब विषय बदलतात.

त्यानंतर मी दोन-तीनदा खाणीवर जाऊन आलो. फक्त माझीच शिट्टी परत येते. कुणाकडे याचं स्पष्टीकरण असेल तर लिहा, मी वाचेन… पण खरं सांगू का? मला काही घाई नाही.