तिसऱ्या नंबरचं चित्र

आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा धड एक फोटो नव्हता. लग्नाच्या फोटोत ती पदराआड, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत कुणाचं ना कुणाचं बाळ मांडीवर घेऊन खाली पाहणारी. शेवटी तेरवीसाठी मी तिच्या आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत दिला. तिथल्या माणसानं तो मोठा केला आणि मानेखाली कुणा भलत्याच बाईची जांभळी भरजरी साडी चिकटवली. आधार कार्डावर माणूस कसा दिसतो हे मी सांगायला नको. तशी ती आई, सोनेरी फ्रेममध्ये, जन्मात कधी नेसली नाही ते लुगडं नेसून आमच्यावर डोळे वटारून बसली.

माझे बाबा मोताळ्यातले जुने सुतार. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात. मी मलकापूरच्या कॉलेजात शिकवते, दोन लेकींचा संसार सांभाळते, रविवारी त्यांच्याकडे जाते. एका रविवारी पाहते तर आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"हे कोणी केलं?"

"म्या," बाबा म्हणाले. रंधा कुठं ठेवला ते सापडत नाही, असं सांगावं तितक्या साध्या आवाजात पुढं म्हणाले, "मले तिचं तोंडच आठवून नाही राह्यलं व. डोये मिटले का हे फोटोवालीच येते."

मला रडू यायच्या आधी राग येतो, तो आला. स्टुडिओवाल्याचा आला, आधारच्या त्या कॅमेऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. हातात दहा वर्षं फोन घेऊन फिरते, ताटातल्या भरीत-भाकरीचे फोटो काढते, आणि आईचा एक काढला नाही. म्हणे मॅडम!

मग मला पेंटरचाचा आठवले. ते शेजारच्या गल्लीत राहतात. बाबांनी फळ्या करायच्या आणि चाचांनी त्यांवर दुकानांची नावं रंगवायची, असा दोघांचा चाळीस वर्षांचा जोड. फ्लेक्स आले आणि चाचांचं काम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नंबर टाकण्यापुरतं उरलं. पण आईला त्यांनी रोज पाहिलेलं. मी त्यांना गाठून म्हटलं, "चाचा, आई काढून द्या." ते आधी नको म्हणाले. "मी अक्षरांचा माणूस, बेटा." मी बाबांचं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी प्लायवूडचा तुकडा घासायला घेतला.

इथं माझा एक जुना चावटपणा सांगायला हवा. मी शिकवते तत्त्वज्ञान. वर्गात सात पोरं असतात, त्यातली दोन चुकून आलेली. दरवर्षी मी त्यांना त्या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाचं खाटेचं उदाहरण देते. एक खरी खाट, म्हणजे खाटेची कल्पना, ती देवाघरची. दुसरी सुताराची, तिची नक्कल. तिसरी चित्रातली, नकलेची नक्कल, जिच्यावर झोपताही येत नाही. सत्यापासून चित्रकार तिसऱ्या नंबरवर. म्हणून त्याच्या आदर्श नगरात नकला करणाऱ्यांना वेशीबाहेरचा रस्ता. हे मी घरी येऊन बाबांना आणि चाचांनाही ऐकवायची. बाबा मिशीत हसायचे. "पाह्य बे पेंटर, मी दुसरा अन् तू तिसरा." चाचाही हसायचे. हसायचे म्हणूनच मी सांगत राहिले.

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा चाचा आमच्या ओसरीत बसून चित्र काढत होते. चेहऱ्याची कच्ची रेघ झाली होती. नाकाचा, हनुवटीचा उतार आईचाच. मी मागून वाकून पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "अफलातून, चाचा!"

त्यांनी ब्रश रॉकेलात बुडवला, फडक्यानं पुसला, डबा उचलला आणि निघून गेले. चहालाही थांबले नाहीत.

मग ते आलेच नाहीत. बाबा रोज सकाळी ओसरी झाडायचे, चाचांचं स्टूल मांडायचे आणि दुपारी उचलून ठेवायचे. फोनवर मला विचारायचे, "पेंटर काऊन येऊन नाही राह्यला? तू काही बोलली का?" मी म्हणायची, मी कायले बोलू, मी तर वाखाणलं. दोन आठवडे असे गेले. बाबांचा आवाज रोज थोडा खाली जात होता, ते मला ऐकू येत होतं.

शेवटी मी चाचांच्या घरी गेले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग बोलले. "बेटा, तिसऱ्या नंबरचा म्हणत होती, ते हसून घेतलं. पण भाभीचं तोंड काढून राह्यलो अन् तू मले अफलातून म्हणते? आमच्या घरात ते शिवी आहे."

मला काहीच उलगडेना. मग त्यांनी सांगितलं. त्यांचे अब्बा पिंजारी होते, गाद्यांचा कापूस पिंजायचे. पोरानं धनुकली सोडून ब्रश धरला तेव्हा रोज जेवताना ऐकवायचे, 'बड़ा अफलातून बना फिरता है.' स्वतःला फार शहाणा समजतो, असा त्याचा अर्थ. अब्बा गेले तरी तो शब्द कानातून गेला नव्हता.

मी कपाळावर हात मारला. "अहो चाचा, आमच्या मराठीत ती शाबासकी आहे. लय भारी, असं म्हटलं मी." आणि मग सांगायलाच हवं होतं म्हणून सांगितलं, की हा शब्द म्हणजे त्या खाटवाल्या ग्रीकाचंच नाव आहे. त्याची पुस्तकं अरबी पंडितांनी जपली, त्यांच्या तोंडी नाव असं झालं, आणि फिरत फिरत मोताळ्याला आलं. तुमच्याकडे टोमणा झालं, आमच्याकडे कौतुक.

चाचा म्हणाले, "म्हंजे ज्यानं मले वेशीबाहेर काढलं, त्याच्याच नावानं शाबासकी दिली तू?"

दोघंही हसलो. पण मला बरं वाटेना. म्हटलं, "चाचा, त्याच्या नंतरचे लोक तसं म्हणाले नाहीत. त्याचाच चेला म्हणाला, नक्कल करूनच तर लेकरू शिकतं. आणि कैक शतकांनी त्याच्याच वाटेवरचा एकजण म्हणाला, की चित्रकार खाट पाहून खाट काढतच नाही. सुताराला खाट जिथून सुचते, तिथूनच तोही घेतो. मधे कोणी नाही."

चाचांनी विचारलं, "हे तुले आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"अन् इतकी वर्षं पहिल्याचंच सांगत राह्यली?"

वर्गातही मी पहिल्याचंच रंगवून सांगते, पुढच्यांना एका तासात उरकते. माफी मागितली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी चित्र पुरं झालं. चाचांनी ते खिडकीपाशी टेकवलं. मला तर आईच दिसली, शेवटच्या वर्षांतली, दमलेली. बाबांनी पुढं होऊन पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"ही ती नाही बे, पेंटर."

चाचा जागचे हलले नाहीत. ब्रश हातात घेऊन एवढंच म्हणाले, "कुठं नाही, मिस्त्री?"

"कपाळ एवढं मोठं नव्हतं." बाबांनी अंगठ्यानं माप दाखवलं. "अन् अशी समोर नव्हती पाह्यत. आधी खाली, मंग वर. भिवई इथून तुटेल होती, लहानपणी पडली म्हणून." चाचा पुसत होते, काढत होते. बाबा बोलतच गेले. आईच्या गावी ते एका घरी बाज दुरुस्त करायला गेले होते. काम झाल्यावर घरातली पोरगी आली, बाजेला हात लावून पाहिला आणि म्हणाली, एक पाय आखूड आहे. भर अंगणात, सगळ्यांसमोर. "अन् खरंच आखूड होता," बाबा म्हणाले. हे मी पन्नास वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. बाबा भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगत होते, आणि नाक, ओठ, कानातली बाळी, सगळं एकेक बरोबर सांगत होते.

दुपार कलली तेव्हा चाचा थांबले. बाबांनी डोळे उघडले, चित्राकडे पाहिलं आणि मान हलवली. "हाव. हेच."

मी पाहिलं. ती माझी आई नव्हती. अठरा-एकोणीस वर्षांची, तुटक्या भिवईची, कुणाची तरी चूक काढायच्या बेतात असलेली एक पोरगी होती. मी म्हणणारच होते, की बाबा, ही तर आईसारखी दिसत नाही.

"तुले नाही वळखू येणार," बाबा म्हणाले. "तवा तू नव्हती."

मग मात्र मला राग आला नाही. मी पदर तोंडाला लावून रडले. ती माझ्या धाकट्या लेकीएवढी होती.