डावीकडचा दिवा

खरं सांगते, धाकटी संग्रहालयात कामाला लागली त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखतंय. लहानपणी ती माझ्या रंगपेट्या पळवायची आणि मी ओरडले की आईच्या पाठीमागे लपायची. शेंडेफळच ते! आता माझ्याच खोलीत समोरचं टेबल तिचं. मी एकोणीस वर्षं जुन्या वस्तूंची पेन्सिलीने चित्रं काढतेय. ही कॅमेरा घेऊन आली आणि महिन्याभरात साहेबांच्या गळ्यातला ताईत झाली.

कामाची तऱ्हा तरी बघा. कॅमेरा वर घट्ट बसवायचा, वस्तू हलवायची नाही. शेजारी एक चकचकीत काळी गोळी ठेवायची. तिच्यावरच्या चमकीवरून कॉम्प्युटरला कळतं, उजेड कुठून आला ते. मग बाईसाहेब दिवा घेऊन भोवती फिरणार, अठ्ठेचाळीस जागांवरून अठ्ठेचाळीस फोटो. नंतर खुर्चीत बसून माउस हलवला की पडद्यावर उजेड फिरतो.

"यात कसली आलीय कला?" मी म्हणायचे. ती हसायची. मेलीला राग म्हणून येत नाही.

परवा तिने बैलाची पाटी घेतली. माझी पाटी! तळहाताएवढा दगड, त्यावर कोरलेला बैल. मी काढलेलं त्याचं चित्र दालनात फ्रेम करून लावलंय. खाली 'मोकळा बैल' आणि माझं नाव. घरी पाहुणे आले की आई त्यांना ते दाखवायला घेऊन येते.

"ताई, जरा बघतेस?" तिने माउस उजवीकडे नेला. बैलाच्या मानेपासून खाली तिरकी, केसासारखी रेघ उमटली. दावं. टोकाचा जो ठिपका मी दगड समजले होते, तो खुंटा निघाला.

"साहेबांना सांगितलंस?"

"नाही गं. आधी तुला."

तिचा तो समजूतदारपणा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "असलं यंत्र असतं तर मलाही दिसलं असतं," मी म्हणाले.

ती जेवायला गेली. मी पाटी माझ्या टेबलावर आणली. आमच्या चित्रकामात उजेड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यातून धरतात. माझा दिवा तिथेच स्क्रूने पक्का केलेला. दावंही नेमकं त्याच दिशेने उतरलेलं, म्हणून त्याची सावलीच पडत नव्हती.

मी स्क्रू काढला आणि दिवा उजवीकडे धरला.

दिसलं की. नुसत्या डोळ्यांनी, स्वच्छ.

धाकटी परत आली तेव्हा दिवा माझ्या हातातच होता. तिने दिव्याकडे पाहिलं, मग पाटीकडे.

"साहेबांना मीच सांगते," मी म्हणाले.

तिने नुसती मान हलवली. मेलीने एक टोमणा मारला असता, तर मला रागवता तरी आलं असतं.