डांबराचा धडा

थेरगावच्या शाळेत मी सहावीला इतिहास शिकवते. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाचा धडा आला, तेव्हा मी सासऱ्यांनाच वर्गात घेऊन गेले. चाकणजवळच्या आमच्या गावाहून येऊन त्यांनी जन्मभर रस्त्यांवर डांबर टाकलं होतं, आणि त्या जुन्या हौदाची गळती थांबवायला भिंतीत भरलं होतं तेही डांबरच.

एका मुलीने विचारलं, "आजोबा, तेव्हा कारखाने नव्हते, मग त्यांनी डांबर कुठून आणलं?"

सासरे माझ्याकडे बघू लागले. मी सांगितलं, की काही ठिकाणी ते जमिनीतून आपोआप पाझरतं.

"म्हंजी त्यांना आयतं मिळायचं व्हय?" ते म्हणाले आणि मुलं हसली. मग थोडा विचार करून ते म्हणाले, "पण तापवाय लागलंच असंल. थंड डांबर धरत न्हाई. त्येबी माझ्यावानीच भाजले असतील."

लग्नकार्यातही हात खिशात लपवणाऱ्या माझ्या सासऱ्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. भाजल्याच्या खुणा बघायला सगळा वर्ग बाकं सोडून त्यांच्याभोवती जमला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी हलेना, आणि सासरेही उठायचं नाव घेईनात.

परतताना रिक्षात त्यांनी विचारलं, "त्यो हौद अजून हाय का?"

"आहे की, मामा."

"गळतो का?"

"त्यात आता पाणीच नसतं."

"मग एकदा भरून बघाय पायजे," ते गंभीरपणे म्हणाले.