अण्णाच्या हाताच्या वाटेवरचा पांढरा डाग

अण्णा, माझा थोरला भाऊ, मळणी चालू असताना खळ्यावरच कोसळला. उजवी बाजू लुळी, बोलणं बंद. जोयड्याहून ॲम्ब्युलन्सनं बेळगाव गाठलं. तिथं मांडीतून बारीक नळी घालून मेंदूतली गुठळी ओढून काढली. वेळेत आणलंत, डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरनं मला पडद्यापुढं उभं केलं. एक पांढरा डाग होता.

"हाताची वाट इथून जाते, डाग तिच्यावरच आहे. हात परत येण्याची शक्यता कमी. तरी व्यायाम चालू ठेवा."

तीन मिनिटांत संपलं. शेजारच्या खोलीत अण्णा होता, वैनी होती. त्यांना काही सांगावं असं डॉक्टरला वाटलं नाही. व्यायाम कोणता, ते इंग्रजी कागदावर छापलेलं होतं.

आमच्याकडं आजाऱ्याला पडवीत निजवतात, भेटायला येणाऱ्यांची सोय म्हणून. कुणी कंद आणतं, कुणी केळी, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं. घरात गोष्टी सांगायचं खातं माझं. मी एमआरआयची फिल्म उजेडात धरायचो, डागावर बोट ठेवायचो. 'शक्यता कमी' दोन दिवसांतच गळालं. तिथं गोष्ट अडखळायची. अणशीचे पाहुणे आले तोवर मी सरळ सांगत होतो, "हात मेला." माणसं चुकचुकायची, मला आणखी चेव यायचा. अण्णा माझ्यापासून तीन हात अंतरावर पडून सगळं ऐकत होता. त्याला बोलता येत नव्हतं, कळत सगळं होतं. हे मला माहीत होतं.

तो उजवा हात हलवू बघायचा. वैनी तो उचलून चादरीखाली ठेवायची. "ऱ्हाऊ द्या, दुखंल."

दीड महिन्यानं तपासणीला गेलो. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी अण्णाचा हात हातात घेतला. त्याची दोन बोटं मिटली.

"रोज किती वेळ करून घेता?"

"काय?" वैनीनं विचारलं.

"व्यायाम."

"भावजी म्हणाले, फोटोत हात मेलाय."

"फोटो दुसऱ्या दिवसाचा आहे. त्यातून फक्त अंदाज बांधतात. आणि सुरुवातीचे हेच दिवस महत्त्वाचे, ते तर..." बाई थांबल्या. मला वाचवलं त्यांनी. त्याचाही राग आला.

मेंदूतल्या केसाएवढ्या वाटेचा फोटो काढता येतो यांना. पण बोटं कशी हलवायची ते वैनीला दहा मिनिटं शिकवायला माणूस मिळत नाही. आणि मी, गावभर शहाणा, तो कागद पिशवीत घडी करून ठेवला आणि फिल्म मिरवत बसलो.

घरी आल्यावर शेजारीण आलीच. "काय म्हणाले रं दागतर?"

मी तोंड उघडलं. वैनीनं अण्णाचा हात माझ्या मांडीवर टाकला. "भावजी, बोलणं पुरे. हे करा."

मी एकेक बोट उघडून मिटत राहिलो. हात पुरता यायचा नाही, हे डॉक्टरचं बहुतेक खरं ठरेल. पण त्यातलं डागानं किती खाल्लं आणि माझ्या तोंडानं किती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

थोड्या वेळानं अण्णानं डाव्या हातानं माझा हात झटकला. उजवा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला आणि दात आवळून दोन बोटांकडं बघत बसला. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.