पहाटे चारची तारीख

आमच्या ह्यांना क्षय झाला आणि जऊळक्याच्या स्टेशनातलं तारबाबूचं काम सुटलं. इंझोरीला परत येताना त्यांनी गाडीत आधी बॅटरीवरचा रेडिओ ठेवला, मग मला बसवलं. माझा जीव जळला. पण बोलून काय उपयोग? माणूस आजारी, त्यात हट्टी.

कडुनिंबापासून घराच्या वळचणीपर्यंत तांब्याची तार ताणली आणि आमचं सुरू झालं. दूरदेशीचं एखादं केंद्र लागलं की काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, आवाज कसा होता, हे सगळं इंग्रजीत लिहून त्या केंद्राला पाठवायचं. ते लोक आपल्या वहीशी ताडून पाहतात. जुळलं तर, तुम्ही ऐकलं ते आमचंच, असं छापलेलं कार्ड पाठवतात. गावातलं कोणी आमच्याकडे पाणीसुद्धा पीत नव्हतं. कार्डं मात्र यायची. ती ते उशाशी ठेवायचे, आणि कार्ड आलं त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचे. म्हणून मी तोंड बंद ठेवायची.

त्यांना ध्यास लागला होता दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातल्या एका केंद्राचा. ते लागलंच तर पहाटे चारच्या सुमाराला. रेडिओ ओसरीवर, कारण तार तिथंच उतरायची. कारंज्याचे डॉक्टर मला बाजूला घेऊन बजावून गेले होते, "थंडी बाधली तं मानूस हाती लागनार नाही." मी सांगून सांगून थकले. ते म्हणायचे, "मराचंच हाये तं आयकून मरतो." असं बोलणाऱ्याला काय म्हणावं? मी घोंगडी गुंडाळून देत होते आणि शेजारी बसत होते, दुसरं काय.

मार्गशीर्षातल्या एका पहाटे ते लागलं. खरखरीतून आधी पावा, मग तीनदा घंटा, मग एक बाई काहीतरी बोलली. त्यांचा हात थरथरत होता, म्हणून ते सांगत गेले आणि वहीत मी लिहिलं. चौथी शिकलेली होते मी. तापात त्यांना वाराचं भान नव्हतं, वर तारीखही मीच घातली. मग त्यांना चहा करून दिला. मी घेतला नाही, माझी एकादशी सुटायची होती. दोन दिवसांनी त्यांनी वहीतल्या वेळेतून साडेपाच तास वजा केले, कारण तिकडे विलायतेची वेळ लिहावी लागते, आणि पत्र टाकलं.

माघ लागला तेव्हा उत्तर आलं. कार्ड नव्हतं, चिठ्ठी होती. तुम्ही लिहिलेलं आमच्या त्या दिवशीच्या कार्यक्रमाशी जुळत नाही, माफ करा. त्यांनी ती दोनदा वाचली. दिवेलागणीला मला म्हणाले, "अवं, तुले आयकू आली होती ना थे घंटा?"

आली होती. स्वच्छ आली होती. पण माझ्या डोळ्यांपुढे ती ओसरी होती आणि कानात डॉक्टर.

"मले नाही आयकू आली," मी म्हटलं. "तुमी सांगत गेले, मी लिहत गेली."

"म्हंजे तापातच आयकलं मी."

त्यांनी रेडिओवर फडकं टाकलं आणि आतल्या खोलीत झोपायला लागले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मी देवापुढे साखरसुद्धा ठेवली.

पुढच्या एकादशीची रात्र सरता सरता, भल्या पहाटे मी चूल पेटवायला बसले. चहाचं आधण ठेवताना मनात आलं, आपल्याला नको, अजून एकादशीच आहे. आणि हात तिथंच थांबला. सूर्य उगवल्याशिवाय आमचा दिवस बदलत नाही. माझ्या आईचा नाही, सासूचा नाही, माझाही नाही. पण रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते. त्या पहाटे मी वहीत आदल्या दिवसाची तारीख घातली होती, आणि तिच्यातून साडेपाच तास वजा करताना ते आणखी एक दिवस मागे गेले होते. त्यांचा दिवस हिशेबाचा होता, माझा चुकीचा. मेलं माझं शहाणपण!

ते आत झोपले होते. उठवून सांगायला कितीसा वेळ लागतो? पण सांगितलं की उद्यापासून पुन्हा ओसरी. शिवाय मी खोटं बोलले तेही कबूल करावं लागलं असतं. थंडी सरली की सांगू, असं मी ठरवलं.

ते जेवेनात. उशाशी ठेवलेली कार्डं त्यांनी पेटीत टाकायला लावली. काही विचारलं की म्हणायचे, "माह्या कानाचा काय भरोसा." शिमग्याआधी गेले. बंद खोलीत, उबेत.

तेरावं झाल्यावर पेटीत त्या पत्राची नक्कल सापडली. एकेक अक्षर गिरवत मी ती उतरवली. तारखेत फक्त एक वाढवला. खाली त्यांचं नाव लिहिलं, जे मी जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं.

ज्येष्ठात कार्ड आलं. शाळेच्या मास्तरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच वाचून दाखवलं. "सगळं जुळलं म्हनते. त्याहिनं आयकलं थे बरोबर होतं." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "काहून रडता बाई? चांगलंच लिहिलं हाये."

पृथ्वीच्या पार पलीकडची, कधी न पाहिलेली माणसं त्यांच्या बाजूनं हो म्हणाली होती. हातभर अंतरावर बसून ती घंटा मी ऐकली होती, आणि मी नाही म्हटलं होतं.